रानातलं ऑर्किड ओळखायचं कसं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे एक फोटो आणि खाली तीन शब्द, "हे कोणतं ऑर्किड?" आणि बहुतेक वेळा फोटो समोरून काढलेला, सुंदर, मागे अंधार, आणि ओळखायला लागणारं त्यात काहीच नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी फुलासमोर उभे असतानाच काय बघायचं ते तुम्हाला माहीत असेल, कारण घरी आल्यावर फोटो झूम करून ते दिसत नाही. ऑर्किडच्या जगभरात सुमारे २८,००० जाती (स्पीशीज) आहेत आणि सातशेच्या वर प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट), सपुष्प वनस्पतींमधल्या दोन सगळ्यात मोठ्या कुळांपैकी हे एक, त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळं जमेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी हे सांगा, समोरचं झाड ऑर्किडच आहे हे कसं ठरवायचं?

फुलात बाहेरची तीन दलं, त्यांना निदलं म्हणतात, आणि आतल्या तीन पाकळ्या. त्या आतल्या तीनपैकी एक बाकी दोघींपेक्षा एकदम वेगळी असते, मोठी, रंगीत, कधी झालरीची, कधी पिशवीसारखी, तिला लिप किंवा ओठ म्हणतात. आणि मधोमध सुटे पुंकेसर दिसत नाहीत, पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच जाडसर दांडी झालेली असते, तो स्तंभ. ओठ आणि स्तंभ दोन्ही दिसले की जवळपास खात्री. परागही पावडरसारखे उडत नाहीत, बहुतेक ऑर्किडमध्ये त्यांचे गठ्ठे असतात, परागपुंज म्हणतात. आणि किंजपुट, म्हणजे ज्याचं पुढे बोंड होतं तो भाग, फुलाच्या खाली असतो, इतका बारीक की पुष्कळांना तो फुलाचा देठच वाटतो.

फसवणारी मंडळी बरीच आहेत. हळद-आल्याच्या कुळातली रानफुलं तर हमखास फसवतात, पण त्यांचं पान चुरगळलं की वास येतो. तेरड्यालाही मागे नळी असते पण त्याची पानं दातेरी आणि शिरा जाळीदार, ऑर्किडची पानं अखंड कडांची आणि शिरा बहुतेक वेळा समांतर. काळी मुसळीची पानं तर इतकी सारखी दिसतात की तिच्या शास्त्रीय नावातल्या ऑर्किऑइडिस या शब्दाचा अर्थच ऑर्किडसारखी असा आहे, पण तिचं फूल पिवळं चांदणीसारखं, सहाही पाकळ्या सारख्या आणि सहा सुटे पुंकेसर, म्हणजे फूल बघितलं की प्रश्न मिटला.

झाडावर असेल तर बांडगूळ नाही ना ते बघा. बांडगूळ फांदीच्या आत घुसलेलं असतं, ऑर्किडची मुळं फक्त सालीवर चिकटलेली असतात, ती झाडाचा रस शोषत नाहीत. त्याला अपिवनस्पती म्हणतात, परजीवी नाही. हे दर वेळी सांगावं लागतं कारण लोक "झाड वाचवायला" म्हणून ऑर्किड खरवडून काढतात आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

फुलात नेमकं काय काय बघू?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे इथे जरा वेळ घेतो.

पहिलं ओठ. त्याचे भाग किती, एक की तीन, मधला भाग पुढे टोकाला परत दुभंगलाय का, कडा साधी की झालरीची, वर केस आहेत का, आणि घशाजवळ उंचवटे किंवा कंगोरे आहेत का. सीलोजिनी या प्रजातीत या कंगोऱ्यांची संख्या आणि ते किती लांब जातात यावर जाती ठरतात, आणि समोरून काढलेल्या फोटोत ते हमखास पांढऱ्या उजेडात उडून जातात.

दुसरं, ओठ खाली आहे की वर. कळीत असताना ओठ वरच्या बाजूला असतं आणि उमलताना बहुतेक ऑर्किडचं फूल १८० अंशात फिरतं म्हणून ते खाली येतं. काही फिरतच नाहीत. सॅटिरियमचं ओठ वर, टोपीसारखं, आणि त्या टोपीच्या मागे एक नाही तर दोन नळ्या, एवढ्या एका गोष्टीवर प्रजाती लांबून कळते. हॅमरबिया नावाचं एक दलदलीतलं चिमुकलं ऑर्किड तर पूर्ण ३६० अंश फिरतं, म्हणजे ओठ परत वरच.

तिसरं, ती मागची नळी, स्पर. लोक तिला विसरतात कारण ती समोरून दिसत नाही. आहे की नाही, किती लांब, सरळ की वळलेली, टोकाला फुगीर की बारीक, आणि कुठल्या दिशेला. आपल्याकडे सीतेची वेणी म्हणतात ते ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा आणि एरिडिस यांची लोक नेहमी गल्लत करतात, दोन्ही झाडावर, दोन्हींचे गुलाबी-पांढरे लोंबते तुरे. एरिडिसचा स्पर ओठाच्या खालून पुढच्या बाजूला वळलेला असतो आणि ओठाचे साधारण तीन भाग दिसतात, ऱ्हिन्कोस्टायलिसमध्ये बाजूंनी दाबल्यासारखी बोथट पिशवी असते आणि ओठ अखंड. एक फूल कडेने बघितलं की संपलं.

चौथं स्तंभ. इथे मात्र भिंग हवं. युरोपपासून आशियापर्यंत वाढणारी प्लॅटँथेरा बायफोलिया आणि प्लॅटँथेरा क्लोरँथा ही जोडी यासाठी सुंदर उदाहरण आहे, दोघी पांढऱ्या-हिरवट, दोघींना खाली दोन पानं, दोघींना लांब स्पर, आणि फरक परागपुंजात. बायफोलियात दोन्ही पुंज एकमेकांना लागून समांतर उभे, क्लोरँथात वर जवळ आणि खाली फाकलेले, उतरत्या छपरासारखे. या फरकामुळे एकीचे पुंज पतंगाच्या सोंडेला चिकटतात आणि दुसरीचे डोळ्यांना! म्हणजे आपल्याला बारीकसा वाटणारा फरक त्या फुलासाठी सगळ्यात मोठा आहे.

हॅबेनेरिया आणि पेरिस्टायलस यांचंही तसंच. हॅबेनेरियात कुक्षीचे, म्हणजे पराग जिथे चिकटतात त्या जागेचे, दोन भाग स्तंभातून पुढे काढलेल्या दोन दांड्यांसारखे दिसतात, पेरिस्टायलसमध्ये ते बसकी गादी असल्यासारखे तळाला चिकटलेले. पेरिस्टायलसची फुलं लहान आणि स्परही सहसा आखूड, पण आकारावर जाऊ नका, बारीक फुलांच्या हॅबेनेरियाही असतात.

परागपुंज किती हेही कामाचं आहे. डेंड्रोबियममध्ये चार, देठ नसलेले, एरियात आठ, व्हँडात दोन आणि त्यांना देठ आणि चिकट चकती. पण हे मोजण्यासाठी फूल फोडू नका, बऱ्याचदा कीटकाने अर्धवट ओढलेले पुंज तसेच लटकलेले मिळतात, तुऱ्यातली सगळी फुलं शांतपणे बघत गेलं तर.

रंगावरून नाही का कळत? सगळ्यात आधी रंगच तर दिसतो.

नाही कळत, आणि ही सवय जितकी लवकर सुटेल तितकं बरं. डॅक्टिलोऱ्हायझा सँबुसिना नावाच्या युरोपातल्या ऑर्किडची पिवळी आणि लालसर-जांभळी झाडं एकाच कुरणात शेजारी शेजारी फुलतात, जात एकच. अ‍ॅनाकॅम्प्टिस मोरिओ गडद जांभळ्यापासून गुलाबी करत करत शुद्ध पांढऱ्यापर्यंत जातं. जवळजवळ कुठल्याही रंगीत ऑर्किडमध्ये अधूनमधून रंगद्रव्य नसलेलं पांढरं झाड सापडतं आणि मग लोकांना वाटतं नवीन काहीतरी मिळालं. शिवाय फूल जुनं झालं की रंग उतरतो, परागण झालं की बदलतो, आणि मोबाईलचा कॅमेरा जांभळ्या रंगाची तर वाटच लावतो, निळसर करतो किंवा सरळ गुलाबी.

रंग लिहून ठेवा जरूर, पण पुरावा म्हणून शेवटी धरा. ठिपके आणि रेषांचा नमुना मात्र साध्या रंगापेक्षा जास्त भरवशाचा.

वास घेऊन उपयोग होतो का?

होतो, आणि फोटोत वास येत नाही म्हणून जागेवरच लिहा. काही जाती दिवसा बिनवासाच्या आणि अंधार पडल्यावर दरवळतात, पतंग बोलवायचे असतात ना. हिमँटोग्लॉसम हिर्सिनमला बोकडासारखा वास येतो आणि त्याच्या नावातही तेच आहे.

फूलच नाहीये, नुसती पानं आहेत. काही करता येईल?

प्रजातीपर्यंत बऱ्याचदा, जातीपर्यंत क्वचित.

आधी वाढायची पद्धत बघा. एकच खोड वर वर वाढत जातंय, दोन्ही बाजूंना ओळीने पानं, आणि मधून मधून जाड मुळं बाहेर, तर व्हँडा, एरिडिस, ऱ्हिन्कोस्टायलिस या गटातलं. त्याउलट दर हंगामाला बाजूने नवीन कोंब येऊन रांग तयार झाली असेल तर डेंड्रोबियम, बल्बोफायलम, सीलोजिनी, सिंबिडियम हा गट. या दुसऱ्या गटात खोडाचा फुगलेला भाग असतो, स्यूडोबल्ब. बल्बोफायलममध्ये तो गोटीसारखा किंवा अंडाकृती, वर सहसा एकच पान, आणि फुलाचा दांडा नेहमी तळातून येतो. डेंड्रोबियमचं खोड बहुधा कांडीसारखं लांब आणि फुलं कांडीच्या वरच्या भागातून. म्हणून मागच्या वर्षीचा वाळका दांडा कुठून निघालाय ते शोधा, बऱ्याच वेळा तो तसाच राहिलेला असतो आणि फुलाइतकीच माहिती देतो. बोंडं असतील तर उत्तमच.

पान कसं दुमडलंय तेही. घडी घातलेल्या कागदासारखं अनेक शिरांवर चुण्या पडलेलं, की मधल्या एकाच शिरेवर दुमडलेलं. जमिनीवरच्या युलोफिया, कॅलँथे यांची पानं पहिल्या प्रकारची. पानावर पांढरी जाळी असेल तर गुडयेरा आठवा. जमिनीला टेकलेलं एकच हृदयाकृती पान, बाकी काही नाही, तर नर्व्हिलिया असू शकतं, पण हॅबेनेरियाच्या काही जातीही एक-दोन गोल पानं जमिनीवर पसरूनच बसतात, तिथे घाई नको.

आणि पानंच नसलेलीही आहेत! टीनियोफायलम आणि चिलोशिस्टा यांची फक्त चपटी हिरवट मुळं सालीवर पसरलेली असतात आणि प्रकाशसंश्लेषणाचं काम ती मुळंच करतात, लोक त्यांना शेवाळ किंवा वेलीचा वाळका तुकडा समजून पुढे जातात. मी स्वतः एका फांदीखाली रोज बसत होतो आणि माझ्या डोक्यावर चिलोशिस्टा आहे हे मला त्याला फूल आल्यावर कळलं.

जमिनीतून नुसता दांडा आणि फुलं आलीत, हिरवं पान एकही नाही. असं कसं?

दोन शक्यता. एक म्हणजे पानं नंतर येणार आहेत, नर्व्हिलियात फूल आधी, ते संपलं की पान, दोन्ही एकत्र जवळजवळ दिसतच नाहीत, आणि युलोफियाच्या काही जातींचंही असंच. म्हणून अशी जागा खुणेने लक्षात ठेवायची आणि महिना-दीड महिन्याने परत जायचं.

दुसरी शक्यता जास्त मजेदार, झाडात हरितद्रव्यच नाही. निओटिया निडस-अ‍ॅव्हिस, एपिपोगियम, गॅस्ट्रोडिया ही ऑर्किडं पूर्णपणे जमिनीतल्या बुरशीकडून अन्न घेतात, रंग तपकिरी, फिकट पिवळा, मातकट पांढरा. त्यांची गल्लत ओरोबँकीशी होते, ती दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगते. ओरोबँकीच्या पाकळ्या जुळून नळी झालेली असते आणि आत चार पुंकेसर असतात, ऑर्किडसारखं सुटं ओठ आणि स्तंभ नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ऱ्हायझँथेला गार्डनेरी, ते १९२८ मध्ये सापडलं आणि ते फुलतं तेच मातीखाली. असलं शोधायला मात्र उकरत बसू नका प्लीज.

मागच्या वर्षी होतं तिथे या वर्षी काहीच नाही. गेलं का?

लगेच गेलं असं समजू नका. जमिनीवरची पुष्कळ ऑर्किडं एखादं वर्ष, कधी जास्तही, कंदाच्या रूपात जमिनीखालीच थांबतात. म्हणून एका भेटीवरून "इथे नाही" असं लिहायचं नसतं, "या तारखेला दिसलं नाही" असं लिहायचं.

मोजमाप खरंच लागतं का? पट्टी घेऊन कोण फिरणार?

लागतं. जिम्नाडेनिया कोनॉप्सियाचा स्पर किंजपुटापेक्षा बराच लांब, जवळजवळ दुप्पटसुद्धा, आणि जिम्नाडेनिया ओडोरॅटिसिमाचा किंजपुटाएवढाच किंवा त्याहून आखूड, बाकी दोघी बहिणी बहिणी. इथे तर मिलिमीटरही नको, स्पर आणि किंजपुट यांची तुलना पुरते. मला स्वतःला अशा तुलना जास्त आवडतात, छद, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेलं छोटं पान, फुलापेक्षा लांब आहे का, मधलं निदल पाकळ्यांना चिकटून टोपी करतं का, कारण झाड लहान-मोठं असलं तरी हे प्रमाण फार बदलत नाही.

स्परची लांबी किती बोलकी असते बघा. मादागास्करच्या अँग्रेकम सेस्क्विपेडेलचा स्पर जवळजवळ फूटभर, ते बघून डार्विनने १८६२ मध्ये लिहून ठेवलं की एवढी लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे, आणि तो पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला, डार्विन गेल्यानंतर. एका नळीवरून एक न बघितलेला प्राणी सांगता आला!

पट्टी नसेल तर नखाची रुंदी, बोटाचं पेर एकदा घरी मोजून ठेवा.

फोटो कोणते काढू म्हणजे तुम्हाला ओळखता येईल?

फूल समोरून, मग कडेने म्हणजे स्पर आणि किंजपुट दोन्ही दिसतील असा, मग मागून. ओठाचा जवळून एक, घशातले उंचवटे दिसतील असा. अख्खा तुरा, अख्खं झाड, पान वरून आणि खालून, खोडाचा तळ. मग दोन पावलं मागे जाऊन परिसर, झाडावर असेल तर यजमान झाड आणि किती उंचीवर. एका तरी फोटोत मापाला काहीतरी ठेवा.

भर उन्हात पांढऱ्या फुलाचा फोटो काढू नका, स्वतःच्या सावलीत घ्या आणि एक्सपोजर थोडं कमी करा. आणि कडेचा फोटो मिळावा म्हणून आडवे झोपताना आजूबाजूला आधी बघा, कारण एका फुललेल्या झाडाभोवती पाच-सहा न फुललेली पिल्लं असतात आणि ती आपल्याच कोपराखाली चिरडतात. फोटोसाठी आजूबाजूचं गवत उपटणारे, फुलावर पाणी शिंपडणारे बघितलेत मी, गवत वाकवून धरा आणि परत सोडा, उपटलंत तर ते फूल उन्हाला आणि चरणाऱ्या जनावरांना उघडं पडतं.

अ‍ॅपने नाव दिलंय, ते धरू का?

प्रजातीपर्यंत धरा, पुढे तपासा. अ‍ॅप शिकतं ते लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून, आणि ते फोटो कसे असतात हे वर सांगितलंच, समोरून. त्यामुळे जिथे फरक स्परमध्ये किंवा स्तंभात आहे तिथे अ‍ॅप त्या गटातल्या सगळ्यात कॉमन जातीचं नाव देऊन टाकतं. नाव आलं की तीन गोष्टी बघायच्या, ही जात या भागात नोंदलेली आहे का, या महिन्यात फुलते का, आणि वर्णनातली एखादी अशी खूण जी अ‍ॅपला फोटोत दिसणंच शक्य नव्हतं ती तुमच्या झाडात आहे का. तिसरी जुळली तरच मी नाव पक्कं करतो.

दोन-तीन जणांनी अ‍ॅपवर "सहमत" दाबलं म्हणजेही पक्कं झालं असं नाही, बऱ्याचदा तेही अ‍ॅपचंच नाव बघून दाबतात.

हे दोन जातींच्या मधलंच काहीतरी वाटतंय. संकर असेल का?

असू शकतो. ऑर्किडमध्ये संकर बराच होतो, काही गटांत तर रोजचाच. डॅक्टिलोऱ्हायझा हा त्यातला सगळ्यात डोकं खाणारा गट. त्यातली फुख्सी ही जात द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच), मॅक्युलाटा चतुर्गुणित (चार संच), आणि मजालिसच्या गटातल्या जाती तर मुळात फुख्सी-मॅक्युलाटाच्या बाजूची एक आणि इनकार्नाटासारखी दुसरी अशा पूर्वजांच्या संकरातून आणि गुणसूत्रं दुप्पट होऊन तयार झाल्यात, आणि वर त्या सगळ्या एकमेकींशी परत संकर करतात. अशा ठिकाणी एका झाडावरून काही सांगू नका, वीस-पंचवीस झाडं बघा, त्यातली बहुतेक कशी आहेत ते लिहा.

संकर म्हणायचं असेल तर आधी दोन्ही पालक त्या परिसरात आहेत का बघा. मग एकापेक्षा जास्त खुणा मधल्या आहेत का, फक्त रंग मधला असून भागत नाही. एपिपॅक्टिस हेलेबोरिनसारखी जात स्वतःच इतकी बदलते की तिचीच दोन टोकं दोन जाती वाटतात.

उलटही होतं. ऑफ्रिस एपिफेरा, मधमाशीसारखं ओठ असलेलं, ते बऱ्याच ठिकाणी स्वपरागण करतं, मग एखादा वेगळा नमुना आला की तो पिढ्यान् पिढ्या टिकतो आणि लांबट टोकदार ओठाची झाडं मिळतात जी वेगळी जात वाटतात पण नसतात.

ही नावं सारखी का बदलतात? पुस्तकात एक, वेबसाइटवर दुसरं.

कारण आधी वर्गीकरण फक्त दिसण्यावर होतं, नंतर डीएनए आला. १९९७ मध्ये ऑर्किस प्रजाती अशीच फुटली आणि ऑर्किस मोरिओचं अ‍ॅनाकॅम्प्टिस मोरिओ झालं. लिस्टेरा निओटियात गेली, अ‍ॅस्कोसेंट्रम व्हँडात. जुनं पुस्तक चुकीचं झालं असं नाही, त्यातलं वर्णन अजूनही खरं आहे, फक्त नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत एकदा टाकून बघा, आजचं मान्य नाव मिळतं.

लोकनावांवर मात्र नोंद करू नका. नावं गोड असतात, मलाही आवडतात, पण घोस्ट ऑर्किड म्हटलं की फ्लोरिडा-क्युबाकडे ते बिनपानांचं डेंड्रोफायलॅक्स लिंडेनी आणि युरोपात एपिपोगियम अ‍ॅफायलम, दोघांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही.

एखादं झाड उपटून घरी नेऊन नीट तपासलं तर?

नाही. तपासण्यासाठीही नाही आणि लावायला तर अजिबात नाही. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच, रुजायला योग्य बुरशी मिळावी लागते, एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात आणि तरीही नवीन झाड मोठं होणं दुर्मीळ. रानातल्या झाडाचं त्या बुरशीशी असलेलं नातं कुंडीत येत नाही, त्यामुळे जमिनीवरचं ऑर्किड नेलं की ते बहुधा हळूहळू मरतं, तुम्हाला वाटतं पाणी कमी-जास्त झालं.

कायदाही आहे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स करारात अख्खं ऑर्किड कुळ येतं, जवळजवळ सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात, आणि पॅफिओपेडिलम, फ्रॅगमिपेडियम यांच्या जाती पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात. खरंच नमुना लागणार असेल तर तो परवानगी असलेल्या अभ्यासकाने घ्यायचा असतो, आणि तोही बऱ्याच वेळा तुऱ्यातलं एकच फूल अल्कोहोलमध्ये ठेवून भागवतो.

सापडलेली जागा शेअर करू का?

साधी, सगळीकडे असणारी जात असेल तर हरकत नाही. दुर्मीळ असेल तर अजिबात नाही, मित्रांच्या ग्रुपवरही नाही. २००२ मध्ये पेरूतल्या फ्रॅगमिपेडियम कोवाचीचं नाव जगासमोर आलं, मोठं जांभळं-गुलाबी फूल, आणि थोड्याच काळात ज्या जागा माहीत झाल्या तिथली झाडं उपटून नेली गेली. याउलट सिप्रिपेडियम कॅल्सिओलस ब्रिटनमध्ये संपलं असं धरलं गेलं होतं, १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एक झाड सापडलं, आणि लोकांनी जागा वर्षानुवर्षं गुप्त ठेवून राखण केली म्हणून ते टिकलं.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या जातींची जागा आपोआप धूसर होते, ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दिसते. पण अजून नाव न ठरलेल्या फोटोला हे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे अनोळखी ऑर्किड टाकताना स्वतःहून जागा लपवा. फोटोत मागे ओळखू येणारा कडा, पाटी, वळण असेल तर तेही कापा, आणि मूळ फाइल पाठवताना त्यात लोकेशन असतं हे विसरू नका.

मला वाटतं मला नवीन जातच सापडलीये!

अभिनंदन करायला मला मनापासून आवडेल, आणि नवीन जाती खरंच सापडतात, दरवर्षी. पण आधी बाकीच्या शक्यता संपवा. पांढरं झालेलं झाड, विकृत फूल ज्यात ओठ बाकीच्या पाकळ्यांसारखंच झालंय, संकर, किंवा शेजारच्या प्रदेशातली जात जी इथे नोंदली गेली नव्हती. ही शेवटची शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी निघते आणि तीही छोटी गोष्ट नाही. एकच झाड असेल तर थांबा, सारखी दिसणारी बरीच झाडं असतील आणि पुढच्या हंगामात परत तशीच आली तर त्या प्रजातीवर काम करणाऱ्या अभ्यासकाला सगळे फोटो पाठवा.

सुरुवातीला सामान काय घेऊ?

१० पट मोठं दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल. बाकी सगळं नंतर. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि डोकं फुलाजवळ न्यायचं, फूल ओढून भिंगाजवळ आणायचं नाही.

एवढं सगळं करूनही जात कळलीच नाही तर काय लिहू?

"हॅबेनेरिया, जात नक्की नाही" असं लिहा, आणि पुढे काय बघायचं राहिलं तेही लिहा. ही नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी उपयोगी, कारण चुकीचं नाव एकदा यादीत गेलं की दुसरा ते उचलतो, तिसरा दुसऱ्याचा दाखला देतो.

माझ्याच वहीत एक झाड तीन वर्षं युलोफिया म्हणून होतं. चुण्यांची पानं, जमिनीखाली कंद असावा असा तळ, एकदा बोंडं धरलेला सरळ दांडा, सगळं जुळत होतं, फूल मात्र कधी मिळालं नव्हतं. चौथ्या वर्षी पंधरा दिवस आधी गेलो तर दांड्याचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळलेलं आणि तिथे फुलांचा दाट गुच्छ. ते जिओडोरम होतं, त्याचा तुरा फुलताना मान खाली घालतो आणि बोंडं धरली की सरळ होतो, म्हणून मला तीन वर्षं ते दिसलंच नव्हतं. मी नाव बदललं, तारखा लिहिल्या. मग २०२१ मध्ये डीएनएच्या आधारावर अभ्यासकांनी जिओडोरमच युलोफियात घातलं, त्यामुळे आता वहीत त्या झाडापुढे तिन्ही नोंदी एकाखाली एक आहेत, आणि शेजारी वाकलेल्या तुऱ्याचं पेन्सिलीने काढलेलं चित्र.